डिझ्नी वर्ल्डची पहिली फॅमिली ट्रिप: डोकं कुठे लावायचं आणि कुठे सोडून द्यायचं

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडोचं डिझ्नी वर्ल्ड म्हणजे एक पार्क नाहीये, हे आधी डोक्यात घट्ट बसवा, कारण निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात. साधारण २५,००० एकर जागा, म्हणजे शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात चार वेगवेगळे थीम पार्क, दोन वॉटर पार्क, पंचवीसच्या वर हॉटेलं, डिझ्नी स्प्रिंग्ज नावाचा दुकानं-रेस्टॉरंटांचा भाग, आणि हे सगळं जोडणाऱ्या बस, मोनोरेल, बोटी, केबल कार. मॅजिक किंगडम १९७१ ला उघडलं, एपकॉट १९८२ ला, आता हॉलीवूड स्टुडिओज म्हणतात ते १९८९ ला आणि ॲनिमल किंगडम १९९८ ला. कॅलिफोर्नियातलं डिझ्नीलँड हे वेगळं प्रकरण, तिथे दोनच पार्क आणि समोरासमोर दारं, त्यामुळे तिकडे जाऊन आलेले लोक "अरे दोन दिवस खूप झाले" वगैरे सांगतात ते इकडे लागू होत नाही.

दुसरी गोष्ट, सगळं बघून होणार नाहीये. होतच नाही कुणाचं. ट्रिप बिघडते ती अमुक राइड राहिली म्हणून नाही, ती बिघडते दुपारी दोन वाजता उन्हात लाइनमध्ये उभं असताना, जेव्हा धाकटं रडतंय, आजीचे गुडघे बोलतायत, आणि कोणीतरी एकजण मोबाइलवर शेड्यूल बघत म्हणतंय की आपण वीस मिनिटं मागे आहोत. म्हणून प्लॅन करताना तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात आधी कोण दमणार हे ठरवा आणि त्या माणसाच्या हिशोबाने दिवस आखा. बाकीचे आपोआप खूश राहतात.

किती दिवस, कधी

चार पार्क पाहिजे असतील तर चार दिवस पार्कचे आणि मध्ये एक दिवस रिकामा, हे कमीत कमी. रिकामा म्हणजे खरंच रिकामा, स्विमिंग पूल आणि झोप, त्या दिवशी "चला जवळच आहे तर" म्हणून केनेडी स्पेस सेंटर घुसवायचं नाही, ते गाडीने तासभर लांब आहे आणि तिथे स्वतंत्र दिवस जातो. तसंच युनिव्हर्सलचं, म्हणजे ऑरलँडोतल्याच दुसऱ्या कंपनीच्या थीम पार्कांचं. त्यांचं नवीन एपिक युनिव्हर्स मे २०२५ मध्ये उघडल्यापासून लोक एका आठवड्यात दोन्ही कोंबायला लागलेत. मुलं दहाच्या पुढची असतील तर एक वेळ ठीक, लहान असतील तर पहिल्या ट्रिपला एकच कंपनी धरा.

आणि पोचता त्या दिवशी पार्कचं तिकीट वाया घालवू नका. फ्लाइट लेट होते, बॅगा येत नाहीत, मुलं विमानात झोपलेली नसतात. त्या संध्याकाळी डिझ्नी स्प्रिंग्जला जा, तिथे एंट्री फुकट आणि पार्किंगही फुकट, जेवा, थोडं हिंडा, लवकर झोपा.

महिन्यांचं बोलायचं तर ख्रिसमस ते न्यू इयर हा आठवडा सगळ्यात वाईट, त्यानंतर मार्चच्या मध्यापासून ईस्टरपर्यंतचं स्प्रिंग ब्रेक, थँक्सगिव्हिंग आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा. ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर गर्दीला बरे, कारण अमेरिकेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात, पण तेव्हा घाम अक्षरशः निथळतो आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेन सीझन असतो, त्यातला सगळ्यात जोराचा काळही नेमका तोच. मला विचाराल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारीची सुरुवात. फक्त स्वेटर घ्या, "फ्लोरिडा म्हणजे गरम" म्हणून लोक हाफ पँटवर येतात आणि सकाळी तापमान दहा अंश सेल्सियसच्या खाली असलं की पहिल्याच दुकानातून महागडं जॅकेट घेतात. उन्हाळ्यात जाणार असाल तर दुपारी तीन-चारला गडगडाटी पाऊस येणारच असं धरून चाला. वीज चमकायला लागली की बाहेरच्या राइड्स बंद करतात, पण तास-दीड तासात सगळं मोकळं होतं आणि निम्मी गर्दी हॉटेलवर गेलेली असते, म्हणजे रेनकोट असलेल्यांची चांदी.

अजून एक बारीक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहितीच नसते. ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत काही रात्री हॅलोवीन पार्टी आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काही रात्री ख्रिसमस पार्टी असते मॅजिक किंगडममध्ये, तिचं तिकीट वेगळं. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी ६ ला बाहेर पडावं लागतं, म्हणजे रात्रीची आतषबाजी हुकली. पण त्याच दिवशी दिवसा गर्दी कमी असते. आतषबाजी दुसऱ्या दिवशी बघायची ठरवली असेल तर हा दिवस उत्तम, नाहीतर टाळा. कॅलेंडर डिझ्नीच्या साइटवर असतं, तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही.

तिकीट

३ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ३ ते ९ मुलांचं, १० पासून मोठ्यांचं. मुलांचं तिकीट थोडंसंच स्वस्त असतं, त्यामुळे अर्ध्या तिकिटाची आशा ठेवू नका. दर तारखेप्रमाणे बदलतो, गर्दीच्या तारखांना मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या आसपास जातं, पण जितके जास्त दिवस घ्याल तितका दर दिवसाचा भाव उतरत जातो, म्हणून चौथा-पाचवा दिवस वाढवणं वाटतं तेवढं महाग पडत नाही.

पार्क हॉपर म्हणजे एका दिवसात एकाहून जास्त पार्कमध्ये जायची मुभा. पहिल्या ट्रिपला, त्यातही लहान मुलं असताना, माझं मत घेऊ नका असंच आहे. एका पार्कमधून दुसऱ्यात जायला बसची वाट, बसमधला वेळ, परत सिक्युरिटी, सगळं मिळून तास सहज जातो. तेच पैसे टाकून मॅजिक किंगडमचा दुसरा दिवस घ्या, लहान मुलांना बसता येईल अशा राइड्स तिथेच सगळ्यात जास्त आहेत.

राहायचं कुठे

डिझ्नीच्या हॉटेलांचे ढोबळ तीन थर आहेत: व्हॅल्यू, मॉडरेट, डीलक्स. डीलक्सचे भाव बघून घाम फुटतो, पण कंटेम्पररीमधून मॅजिक किंगडमला चालत जाता येतं आणि झोपलेलं बाळ खांद्यावर असताना याची किंमत कळते. ज्यांना एवढे पैसे घालवायचे नाहीत त्यांच्यासाठी माझी आवड पॉप सेंच्युरी किंवा आर्ट ऑफ ॲनिमेशन. दोन्ही व्हॅल्यू, आणि दोन्हींच्या मधल्या तळ्यावर स्कायलायनर म्हणजे ती केबल कार येते, जी कॅरिबियन बीच नावाच्या हॉटेलपाशी बदलून एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओजला नेते. बसची वाट बघणं वाचतं आणि मुलांना तीच एक राइड वाटते. फक्त वादळात तीही बंद ठेवतात.

डिझ्नीच्या हॉटेलात राहिल्याचे खरे फायदे मोजकेच आहेत, पण ठोस आहेत. कुठल्याही पार्कमध्ये रोज बाकीच्यांच्या अर्धा तास आधी सोडतात, पार्कचं पार्किंग फुकट, आणि बुकिंगची दारं आपल्यासाठी आधी उघडतात, ते पुढे सांगतो. बाहेरच्या हॉटेलात खोली मोठी मिळते, किचन मिळतं, मोठ्या कुटुंबाला एका घरात राहता येतं, हे पण काही कमी नाही. पण हिशोब करताना नुसता रूमचा आकडा धरू नका. टॅक्स साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो, त्यावर बऱ्याच ठिकाणी रिसॉर्ट फी, रोजचं पार्कचं पार्किंग, गाडीचं भाडं आणि टोल. "फ्री शटल" लिहिलेलं असलं तर फोन करून विचारा की दिवसातून किती वेळा, कुठे सोडणार आणि रात्रीची शेवटची किती वाजता. आतषबाजी संपायच्या आधीच शेवटची शटल निघत असेल तर ती असून नसून सारखीच.

कुठलं बुकिंग कधी

हा भाग जरा लक्ष देऊन वाचा, कारण इथे तारखांना महत्त्व आहे, आणि इथे डोकं लावलं की बाकी ट्रिप ढिली सोडता येते.

मोठ्या रेस्टॉरंटांची बुकिंग्ज ६० दिवस आधी उघडतात. डिझ्नीच्या हॉटेलात असाल तर पोचायच्या तारखेच्या ६० दिवस आधी बसून पुढच्या दहा दिवसांपर्यंतची एकदम करता येतात. ज्या जेवणात मिकी किंवा राजकन्या टेबलाशी येऊन भेटतात ती जागा, किंवा सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं रेस्टॉरंट, हवं असेल तर त्याच सकाळी उठून करा. मात्र रोज एक रिझर्व्हेशन असं करू नका, बसून जेवायला दीड तास जातो. अख्ख्या ट्रिपमध्ये दोन पुरे. कॅन्सल करायचं असेल तर वेळेत करा, नुसतं गेलाच नाहीत तर माणशी फी कापतात.

मग लाइटनिंग लेन. लाइन छोटी करायचा हा पैसे देऊन घ्यायचा प्रकार आहे. मल्टी पासमध्ये आधी तीन राइड्सच्या वेळा धरून ठेवता येतात, एक वापरली की पुढची घेता येते, आणि काही पार्कमध्ये मोठ्या राइड्सचा वेगळा गट असतो ज्यातून सुरुवातीला एकच उचलता येते. ट्रॉन किंवा फ्लाइट ऑफ पॅसेजसारख्या सगळ्यात मागणीच्या राइड्स यात येत नाहीत, त्यांचा सिंगल पास वेगळा घ्यावा लागतो. डिझ्नीच्या हॉटेलातल्यांना ७ दिवस आधी, बाकीच्यांना ३ दिवस आधी, सकाळी ७ वाजता हे उघडतं, आणि ७ म्हणजे फ्लोरिडाचे ७, तुमच्या घड्याळाचे नाहीत. आदल्या रात्रीच डिझ्नीच्या ॲपमध्ये सगळ्यांची तिकिटं एका अकाउंटला जोडून ठेवा, कार्ड टाकून ठेवा, आणि कुठल्या तीन राइड्स ते घरात भांडून आधीच ठरवा. ७ वाजून ५ मिनिटांनी चर्चा करत बसलात तर चांगल्या वेळा गेलेल्या असतात.

रोज घ्यायची गरज नाही पण. दर पार्कप्रमाणे आणि तारखेप्रमाणे भाव वेगळा असतो. मॅजिक किंगडम आणि हॉलीवूड स्टुडिओजला पैसे वसूल होतात असं माझं मत, ॲनिमल किंगडमला सकाळी लवकर पोचलात तर नाही घेतला तरी चालतं.

इथेच एक सावधगिरीची सूचना. यूट्यूबवर आणि गुगलवर जुनी माहिती ढिगाने पडलेली आहे. फास्टपास, म्हणजे लाइन छोटी करायची जुनी पद्धत, सांगणारा व्हिडिओ दिसला तर बंद करा, ते २०२१ मध्येच गेलं, त्याच्यानंतर आलेलं जीनी प्लस पण जुलै २०२४ मध्ये गेलं. एअरपोर्टवरून फुकट न्यायची डिझ्नीची बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. कुठल्या दिवशी कुठलं पार्क याचं आगाऊ रिझर्व्हेशन तारखेच्या तिकिटांना २०२४ पासून लागत नाही. स्प्लॅश माउंटन २०२३ मध्ये बंद होऊन तिथे टियानाज बायू ॲडव्हेंचर सुरू झालंय. म्हणजे ज्या चुलतभावाने सहा वर्षांपूर्वी बनवलेली एक्सेल शीट तुम्हाला प्रेमाने पाठवली आहे, तिचे आभार माना आणि ती बाजूला ठेवा. निघायच्या आधी कुठल्या राइड्स दुरुस्तीला बंद आहेत तेही साइटवर बघून मुलांना घरीच सांगा.

उंची घरी मोजा

हे अगदी मनापासून सांगतोय. बऱ्याच मोठ्या राइड्सना उंचीची अट आहे आणि ती वयाला बघत नाही. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉग डॅशला ३८ इंच म्हणजे ९७ सेंमी, टॉवर ऑफ टेररला ४० इंच, स्पेस माउंटन, एक्सपिडिशन एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला ४४ इंच म्हणजे ११२ सेंमी, ट्रॉनला ४८ इंच म्हणजे १२२ सेंमी. दारातच उंचीची पट्टी उभी असते, तिथला माणूस मुलाला पाठ टेकवून सरळ उभं करतो, टाचा खाली आहेत ना बघतो, डोक्यावरची मिकीच्या कानांची पट्टी काढायला लावतो. मग लाइन संपून राइडजवळ आलं की परत एकदा मोजू शकतात. अर्धा इंच कमी पडला तर "सोडा हो, एवढंसं तर आहे" हे चालत नाही, आणि चालू नये पण. पोरगं तिथे जे तोंड करतं ना, ते बघवत नाही. म्हणून घरी, जे बूट घालून जाणार तेच घालून, भिंतीला लावून मोजा आणि तुला कशात बसता येणार याची यादी त्याच्याबरोबर बसून करा.

एकाची उंची पुरते आणि धाकट्याची नाही, असं असेल तर रायडर स्विच मागा. दारावर सांगायचं, एक मोठं माणूस छोट्याजवळ थांबतं, बाकीचे जाऊन येतात, मग थांबलेल्याला परत अख्खी लाइन न लावता सोडतात. याला पैसे पडत नाहीत, पण विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगेलच असं नाही.

आणि उंची पुरते म्हणून बसवलंच पाहिजे असंही नाही. तीन-चार वर्षांची काही मुलं मिकीला टीव्हीवर बघून नाचतात आणि समोर सहा फुटी मिकी आला की किंचाळून आईच्या मांडीमागे लपतात. ढकलू नका पुढे फोटोसाठी. लांबून हात हलवू दे, दुसऱ्या दिवशी स्वतःच जातं.

सकाळ आणि दुपार

अख्ख्या दिवसातला सगळ्यात किमती वेळ म्हणजे पार्क उघडल्यानंतरचा पहिला दीड तास. त्यात जेवढं होतं तेवढं दुपारी बारा ते चारमध्ये होत नाही. म्हणून अधिकृत वेळेच्या पाऊण तास तरी आधी गेटवर. आणि मॅजिक किंगडमला गाडीने जाणार असाल तर गेटवर म्हणजे पार्किंगमध्ये नव्हे. तिथे पार्किंग पार्कच्या दारात नाहीच, तळ्याच्या अलीकडे आहे. गाडी लावा, चालत किंवा ट्रामने ट्रान्सपोर्टेशन अँड टिकेट सेंटरपर्यंत या, सिक्युरिटीतून बॅगा काढा, मग मोनोरेल नाहीतर फेरीबोटीने तळं ओलांडा, मग तिकीट टॅप. स्ट्रोलर आणि दोन आजी-आजोबांसकट हे सगळं करायला पाऊण तास ते तास लागतो, म्हणजे हॉटेलवरून कधी निघायचं ते उलटं मोजत या. गाडी कुठल्या रांगेत लावली त्याचा फोटो काढा, रात्री कुणालाच आठवत नाही.

दुपारी बाहेर पडा. हे लोकांना पटत नाही, एवढे पैसे भरले आणि परत हॉटेलवर? हो. साडेबारा-एकला निघायचं, जेवायचं, पडदे ओढून झोपायचं नाहीतर पूलमध्ये डुंबायचं, आणि पाचला परत यायचं. उन्हं उतरलेली असतात, बरेच लोक गळून गेलेले असतात आणि तुमची मुलं ताजी. हॉटेल लांब असेल तर निदान दुपार एसीत किंवा सावलीत घालवा, बसून बघायचे शो, नाहीतर मॅजिक किंगडममधली पीपलमूव्हर, ती उंचीची अट नसलेली आरामात फिरणारी दहाएक मिनिटांची गाडी आहे आणि आजोबा लोकांना ती अख्ख्या पार्कमध्ये सगळ्यात जास्त आवडते, का ते विचारू नका.

आजी-आजोबा बरोबर असतील तर पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात हे त्यांना आधी सांगा, आणि व्हीलचेअर किंवा इलेक्ट्रिक स्कूटर भाड्याने मिळते तिचा विचार संकोच न करता करा. एरवी घरात टुणटुणीत फिरणारी माणसंसुद्धा तिसऱ्या दिवशी बसतात. मात्र व्हीलचेअर आहे म्हणून लाइन चुकते असं नाही, बहुतेक ठिकाणी त्याच लाइनमधून जायचं असतं.

स्ट्रोलर पाच-सहा वर्षांच्या मुलालाही घ्या, रोज चालणारा असला तरी. ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठा चालत नाही आणि ओढायच्या वॅगनला बंदी आहे. राइडला जाताना तो बाहेर ठरलेल्या जागी ठेवायचा असतो, आणि तुम्ही आत असताना तिथले लोक सगळे स्ट्रोलर हलवून नीट रांगेत लावतात, म्हणजे बाहेर आल्यावर तुम्ही ठेवलेल्या जागी तो नसतो आणि समोर ऐंशी काळे स्ट्रोलर एकसारखे उभे असतात. हँडलला एखादी भडक ओढणी बांधून ठेवा. पर्स, पासपोर्ट त्यात ठेवायचे नाहीत हे सांगायला नको.

खाणं

बाहेरचं खाणं आत नेता येतं. काचेच्या बाटल्या, दारू आणि सुटा बर्फ नाही, बाकी सुका खाऊ, फळं, सँडविच, ठेपले, काय हवं ते. मुलांच्या भुकेच्या वेळा पार्कच्या वेळांशी जुळत नाहीत, त्यामुळे बॅगेत काहीतरी पाहिजेच. काउंटरवाल्या रेस्टॉरंटांमध्ये बर्फाच्या पाण्याचा कप फुकट मिळतो, मागायचा फक्त, साध्या पाण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

काउंटरवरचं जेवण ॲपवरून मोबाइल ऑर्डरने करा आणि बाराची ऑर्डर साडेदहालाच लावून ठेवा, कारण बाराला बघाल तर दीडची वेळ दाखवेल. शाकाहारी लोकांनी मेन्यूवर पानाचं चिन्ह शोधा, ते प्लांट बेस्डसाठी असतं, आणि शंका असेल तर विचारा, आत काय काय घातलंय ते नीट सांगतात. एपकॉटमध्ये वर्ल्ड शोकेस नावाच्या भागात अकरा देशांची दालनं आहेत, तिथे पोटभर एका ठिकाणी जेवण्यापेक्षा थोडं थोडं घेऊन वाटून खा. आणि मसाल्याची आठवण यायला लागली तर ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटला जा, तिथे वेगवेगळ्या रोट्या-नान आणि चटण्यांचं एक ताट मिळतं, खिडकीबाहेर जिराफ फिरत असतात, आणि त्यासाठी पार्कचं तिकीट लागत नाही.

चारही पार्कांबद्दल थोडं थोडं

ॲनिमल किंगडमला सकाळी जा, सफारी पहिल्या तासात करा, प्राणी उन्हं वाढल्यावर सावलीत जाऊन पडतात. हे पार्क बंदही लवकर होतं, त्यामुळे त्या रात्री लवकर झोपायचं असं धरूनच हा दिवस ठरवा. एपकॉटचं उलटं, वर्ल्ड शोकेस साधारण ११ ला उघडतं आणि तळ्याभोवतीची चक्कर दोनेक किलोमीटरची आहे, म्हणून सकाळी पुढच्या भागातल्या राइड्स आणि संध्याकाळी देश. स्कायलायनरने आलात तर मागच्या दाराने आत शिरता, नकाशा उलटा धरावा लागतो. हॉलीवूड स्टुडिओज आकाराने छोटं पण तिथल्या जवळजवळ सगळ्या राइड्सना मागणी, म्हणून तिथे सकाळ चुकवायची नाहीच.

मॅजिक किंगडमची आतषबाजी बघायला किल्ल्याच्या अगदी समोर तासभर आधी जाऊन बसतात लोक. लहान मुलं असतील तर एवढं नको, मेन स्ट्रीटच्या मागच्या टोकाला, म्हणजे बाहेरच्या दाराच्या बाजूला उभे राहा, किल्ला १८९ फूट उंच आहे, तिथूनही दिसतो, आणि संपल्यावर बाहेर पडायला सोपं. कानाला आवाज सहन न होणाऱ्यांसाठी हेडफोन ठेवा. संपल्या संपल्या सगळे एकदम मोनोरेलकडे पळतात, तेव्हा एक तर आधीच निघा किंवा अर्धा तास निवांत बसा, आईस्क्रीम खा, मग जा.

मुलं हरवली तर काय, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: पांढरी नावाची पट्टी लावलेल्या कुठल्याही कर्मचाऱ्याकडे जायचं. प्रत्येक पार्कमध्ये बेबी केअर सेंटर असतं, हरवलेल्या मुलांना तिथे नेतात. छोट्यांच्या मनगटावर तुमचा फोन नंबर पेनने लिहा आणि सकाळी गेटवर मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा, रडारडीत कोणाला शर्टाचा रंग सांगता येत नाही. याच बेबी केअर सेंटरमध्ये दूध पाजायला, डायपर बदलायला आणि बाळाचं जेवण गरम करायला सोय आहे, सगळं एसीत, लोकांना माहितीच नसतं.

बॅगेत पॉवर बँक, कारण तिकीट, ऑर्डर, लाइटनिंग लेन सगळं फोनमध्ये आणि दुपारी बॅटरी मान टाकते. रेनकोट घरूनच. मोज्यांचा जादा जोड, फोडांना लावायच्या पट्ट्या, सनस्क्रीन, टोपी. नवीन बूट इथे पहिल्यांदा घालू नका, दोन आठवडे आधी वापरून घ्या. सेल्फी स्टिकला बंदी आहे. रात्री चमकणाऱ्या खेळण्यांच्या गाड्या फिरायला लागतात तेव्हा प्रत्येक मूल हट्ट करतं, घरून स्वस्तातल्या ग्लो स्टिक्स आणल्या तर तो प्रश्न मिटतो. बाकी खरेदीसाठी मोठ्या मुलांच्या हातात ठरावीक रकमेचं डिझ्नी गिफ्ट कार्ड द्या आणि सांगा हे तुझं, संपलं की संपलं. जी गोष्ट बाबांच्या पैशात "पाहिजेच" असते, ती स्वतःच्या कार्डातून घ्यायची म्हटल्यावर तीन दुकानं फिरून विचार करून घेतली जाते.

एअरपोर्टहून येण्या-जाण्याचं आधी ठरवा. टॅक्सी घेणार असाल तर कार सीटचं विचारून घ्या, फ्लोरिडात ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना कार सीट किंवा बूस्टर कायद्यानेच लागतं. आणि परतीच्या दिवशी दुपारची फ्लाइट असेल तर "दोन तास पार्कला जाऊन येऊ" हा विषयच काढू नका, खोली सोडायची सकाळी अकराला, ऑरलँडोच्या एअरपोर्टवर सिक्युरिटीची लाइन स्ट्रोलरवाल्या कुटुंबांनी भरलेली असते, म्हणून फ्लाइटच्या तीन तास आधी हॉटेलवरून निघा, आणि ओले स्विमिंगचे कपडे आदल्या रात्रीच वाळवून घ्या.